काचेतला जॉइंट

गुरुजी गेले त्या आठवड्यात गल्लीतल्या बऱ्याच जणांनी मला जिन्यात, नळावर, किराणा दुकानात गाठून एकच प्रश्न विचारला. "शॉक लागला का हो, मॅडम?"

नाही, असं मी सांगायचे. छातीत दुखायला लागलं, रिक्षात बसवलं, दवाखान्याच्या पायऱ्या चढायच्या आधीच सगळं संपलं. विजेचा काही संबंध नव्हता. लोक मान हलवायचे, पण त्यांचं समाधान झालेलं दिसायचं नाही. इतकी वर्षं ज्या मरणाची सगळ्यांनी मनात तयारी ठेवली होती ते आलंच नाही, भलतंच कुठलं तरी आलं. खरं सांगायचं तर मीही तशीच गोंधळले होते. अजूनही आहे. म्हणून हे लिहायला बसले आहे, आणि लिहून काही उलगडेल असं मला वाटत नाही.

मी त्यांची भाडेकरू. जालन्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. माझं गाव तीर्थपुरी. गुरुजींच्या घरातली वरची खोली मी दुसरी सोय होईपर्यंत म्हणून घेतली होती. सोय पुढे झाली, पण खोली सोडवली नाही. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. गल्ली त्यांना गुरुजी म्हणायची, म्हणून मीही म्हणायला लागले.

खोली बघायला गेले त्या दिवशी ते ओसरीवर बसले होते. एक चष्मा डोळ्यांवर, दुसरा कपाळावर. समोर पाण्यानं भरलेला स्टीलचा ग्लास, आणि ते ग्लासात वाकून बघत होते. मी नमस्कार केला.

"बसा, मॅडम. ह्याला अजून येळ हाय."

"कशाला?"

"मरायला."

मी ग्लासात डोकावले. आत मनगटी घड्याळ होतं, आणि ते चालू होतं. घड्याळाच्या पाठीवर पाणी आत जात नाही असं लिहिलेलं होतं, आणि लिहिलेलं तपासून बघितल्याशिवाय गुरुजींना चैन पडत नसे. पाण्यात चालते म्हणून विकलेली बॅटरी, कधी भिजत नाही म्हणून विकलेलं शाळेचं दप्तर, पुसली जात नाही म्हणून विकलेली शाई, सगळ्यांना त्यांनी बुडवून बघितलं होतं. दुकानातही ते पुडा उलटा धरून मागचा मजकूर मोठ्यानं वाचत. तो वाचून होईपर्यंत बाकीचं गिऱ्हाईक कंटाळून निघून जाई. आमच्या कोपऱ्यावरचा इलेक्ट्रिकवाला त्यांना येताना बघून म्हणायचा, "आले! आता पाठ वाचणार."

घड्याळ संध्याकाळी बंद पडलं. गुरुजींनी ते पुसलं, खिडकीत ठेवलं आणि म्हणाले, "उत्तर आलं."

हे त्यांचं पालुपद. काहीही बिघडलं, फुटलं, जळलं, तरी ते खराब झालं असं कधी म्हणत नसत. उत्तर आलं, म्हणत. दुसरं पालुपद, "पाण्याला घाई नसती. आपल्याला असती." हे ते कशालाही लावत. माझ्या पीएच.डी.लासुद्धा लावलं होतं.

लोक जिथं टीव्ही ठेवतात तिथं, समोरच्या खोलीत, त्यांची माशांची टाकी होती. चांगली हातभर लांब. आत गोल्डफिश. सकाळी अंघोळ झाली की गुरुजी टाकीसमोर उभे राहून "काय मंडळी, सगळे हजर का?" असं विचारत आणि बोटानं मोजत. एखादा मासा दगडामागे असला तर तो बाहेर येईपर्यंत थांबत. गैरहजेरी लावायची नाही, हा त्यांचा शाळेतला नियम होता असं त्यांनी मला अभिमानानं सांगितलं होतं. त्यामुळे हजेरीला वेळ लागे.

आमच्या भागात नळाला आठ-आठ, दहा-दहा दिवस पाणी नसतं. पाणी येतं त्या दिवशी बायका कामाला जात नाहीत. अशा गावात माणसानं मासे पाळावेत हे गल्लीला पटणं शक्य नव्हतं. शेजारचे एक गृहस्थ रोज न चुकता टोमणा मारायचे.

"गुरुजी, लोकायला प्यायला न्हाई अन् तुम्ही माशायला पवायला देऊन राह्यले."

"मंग त्यायला तुमच्याकडं पाठवू का? तुमच्या हौदात लई जागा हाय. टिल्लू लावून सगळ्या गल्लीचं ओढलंय तुम्ही."

टिल्लू म्हणजे नळाला लावायची छोटी मोटर. ती लावली की नळाचं पाणी ज्याच्याकडे मोटर त्याच्याकडे जातं. गल्लीत प्रत्येकाकडे टिल्लू होता. गुरुजींकडे नव्हता. त्यांच्या नळाला करंगळीएवढी धार यायची, ती हौदात साठायची, आणि हौदातून बादलीनं वर न्यायची. मीही न्यायचे. घरात पाण्याची मोटर नाही, गिझर नाही, कपड्यांचं मशीन नाही. उन्हाळ्यात पाण्याचा कूलरसुद्धा नाही. जालन्याचा मे महिना ज्यानं काढला आहे त्याला याचा अर्थ कळेल.

पहिल्याच उन्हाळ्यात मी कंटाळले आणि स्वयंपाकघरात जाऊन काकूंना म्हटलं, टिल्लू मी आणते, तुम्ही फक्त हो म्हणा. काकू म्हणजे गुरुजींची बायको. बुटक्या, तुरुतुरु चालणाऱ्या, बोलायला मोकळ्या. त्या दिवशी मात्र त्यांनी हातातली लाटणं-पोळी तशीच ठेवली.

"बस, माय," त्या म्हणाल्या. "तुला एकदा सांगूनच टाकते."

त्यांनी सांगितलं ते असं. काकूंचं माहेर टेंभुर्णीचं. घर शेतकऱ्याचं, वडिलांना सगळे आण्णा म्हणतात. एका वर्षी अधिक महिना आला होता, म्हणजे धोंड्याचा महिना. जावयाला जेवायला बोलवायचं, कपडे करायचे, पाय धुवायचे. गुरुजी आणि काकू तसे गेले होते. शेतात मिरची होती, आणि नेमकी त्याच दिवशी बोरमधली मोटर बंद पडली. वर काढली तर केबल तुटलेली. मेकॅनिक लग्नाला गेलेला. मिरची उन्हानं माना टाकत होती.

"हेच म्हणले, मी जोडून देतो. आण्णा नको म्हणत होते, जावयाला कामाला लावायचं न्हाई. पन ह्यायला हौस. इज्ञान शिकवतो मी, म्हणले, पुस्तकात हाय सगळं. मंग बसले बोरच्या तोंडाशी, नव्या कपड्यात. तार जोडली, रबराची पट्टी, काळी टेप, वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी. मोटर सोडली खाली. पाणी आलं. सगळ्यायनं वाहवा केली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा धाकटा भाऊ पाणी वळवायला गेल्ता. पाटात पाय, अन् लोखंडी पायपाला हात लावला."

त्यांनी लाटणं पुन्हा हातात घेतलं.

"जॉइंटमुळं झालं?" मी विचारलं. असं विचारायला नको होतं, पण विचारलं गेलं.

"कोनाला माहीत? स्टार्टरची पेटी बी जुनी होती. उंदरानं वायर खाल्ल्याली. अर्थिंग न्हवती. कशानं बी झालं असंल. मोटर पुन्हा वर काढलीच न्हाई. आण्णायनं बोरच्या तोंडावर फरशी टाकली."

"मग गुरुजींना कोणी काही बोललं?"

"बोललं असतं तर बरं होतं! आण्णा ह्यांच्या पाया पडले. सासरा असून. म्हणले, धोंड्याला बोलावलेला मानूस मी राबवला, त्याचं हे फळ. माझं पाप. सगळं गाव तेच म्हणलं. जावयाला कामाला लावलं म्हणून पोरगं गेलं. जॉइंटचं कोनी नावच काढलं न्हाई."

पोळी तव्यावर टाकून त्या बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. पोळीला फुगे आले तरी उलटवली नाही.

"मला इज कळत न्हाई. पन कळावं वाटतं. मरायच्या आधी एकदा कळावं वाटतं, ह्यांच्या हातून झालं का न्हाई. त्यायला बी तसंच वाटतं, मला माहीत हाय. पन एकमेकाला इचारायचं कसं?"

मी टिल्लूचा विषय पुन्हा काढला नाही.

माशांच्या टाकीत दिवा लावायचं गुरुजींनी मनावर का घेतलं, याचं कारण ही गोष्ट ऐकल्यावर कोणीही सांगेल. मलाही वाटायचं की मला कळलं आहे. पुढे जे झालं त्यानं माझा तो भ्रम गेला.

दिवा लावायचा तर सगळे टाकीच्या झाकणाला लावतात. मासे विकणाऱ्यानंही तेच सांगितलं. गुरुजी म्हणाले, वरून लावला तर माशाच्या पाठीवर उजेड पडतो, पोटाचं काय? दिवा पाण्यात पाहिजे. ते कोपऱ्यावर गेले, एलईडीची पट्टी घेतली. मी बरोबर होते. पुडा उलटा झाला, वाचन झालं.

"वॉटरप्रूफ हाय म्हणतो हा."

"हाय ना गुरुजी, बिनधास्त. गणपतीत, लग्नात, बाहेर लावतात लोक. पावसात चालतं."

"मंग पाण्यात?"

"पाण्यात न्हाई. पावसात."

"पावसात काय दूध पडतं का?"

दुकानदारानं माझ्याकडे बघितलं. मी कॅलेंडर बघत राहिले.

त्या पट्टीचे काही दिवस मला स्पष्ट आठवतात, काही एकमेकांत मिसळले आहेत. पहिली पट्टी नुसतीच बुडवली, ती दुपारपर्यंत टिकली. उत्तर आलं. मग तिच्यावर मेणबत्तीचं मेण ओतलं. पट्टी तापली, मेण सुटलं, आणि माशांना वाटलं खायला आलं. उत्तर आलं. मग टाकीची काच चिकटवतात ते सिलिकॉन आणलं. हे बरोबर असणार असं मलाही वाटलं, कारण ज्यानं टाकीतलं पाणी अडतं त्यानं पट्टीत जाणारं पाणीही अडायला हवं. घरभर आंबट वास सुटला. काकू आतून ओरडल्या, "कोनी लोनचं सांडलं का?" सिलिकॉन वाळलं, पट्टी टाकीत गेली, सगळं झकास. काही दिवसांनी एकेक दिवा विझायला लागला. गुरुजींनी पट्टी काढून दोन्ही चष्मे एकावर एक लावून बघितली. पाणी कुठंच गेलं नव्हतं. पण पट्टीवरचं तांबं हिरवं पडलं होतं, जुन्या देवाच्या ताम्हनासारखं.

"हे बघा, मॅडम," ते हरखून म्हणाले. "पाण्यानं न्हाई मारलं. पाणी अडवायला जे लावलं त्यानंच मारलं. त्या वासात आम्ल हाय."

त्यांना इतकं खुश झालेलं मी क्वचित बघितलं असेल. त्या आनंदाचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. पुढे बिनवासाचं सिलिकॉन मिळालं, ते चांगलं निघालं, पण ते निघालं तेव्हा ते एवढे खुश झाले नाहीत.

या सगळ्या काळात काकूंचा एक रिवाज होता. गुरुजींचा हात पाण्यात जायच्या आधी त्या येऊन प्लग उपटायच्या. नुसतं बटण बंद करून त्यांचं भागत नसे. प्लग हातात घ्यायचा, आणि गुरुजींचा हात बाहेर येईपर्यंत तो मुठीत धरून उभं राहायचं.

"अगं, बारा व्होल्ट हाय ते. मुंगी बी मरायची न्हाई."

"मुंगीचं मला सांगू नका."

"भाजी जळून राह्यली तिकडं."

"जळू द्या. तुमचं आवरा."

भाजी खरोखर जळे. तसली भाजी मी पुष्कळदा खाल्ली आहे.

एकदा मी एक शहाणपणा केला. गवंडी भिंतीची पातळी बघायला पारदर्शक नळी वापरतात, ती लेव्हलची नळी गुरुजींनी आणली होती. तिच्यात एलईडीची पट्टी सरकवायची म्हणजे पाणी बाहेर आणि उजेड मोकळा. कल्पना चांगली होती. प्रश्न एवढाच उरला की नळीचं तोंड कसं बंद करायचं आणि वायर कुठं जोडायची. मी म्हटलं, "गुरुजी, नळी लांबच घ्या ना. वाकवून टाकीत सोडा आणि दोन्ही तोंडं पाण्याच्या वर ठेवा. मग जॉइंट पाण्यात येणारच नाही. बंद करायलाही काही नको."

ते माझ्याकडे बघतच राहिले. मला वाटलं, शाबास म्हणतील. त्यांनी कपाळावरचा चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, पुन्हा कपाळावर ठेवला.

"मंग त्यात कळणार काय?"

"काय कळायचंय? दिवा लागेल."

"दिवा तर वरून बी लागतो," ते म्हणाले, आणि उठून आत गेले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी माझ्या दारात मोसंबी ठेवलेली सापडली, त्यावरून भांडण मिटलं हे कळलं.

त्याच आठवड्यात त्यांनी तो शेवटचा जॉइंट मारला. दुपारची वेळ होती, काकू देवळात गेल्या होत्या. त्यांनी नळीचं तोंड खाली, टाकीच्या तळाशी येईल असं ठेवलं, आणि तिथंच वायर जोडायचं ठरवलं. म्हणजे जिथं जोड टाळता येत होता तिथंच मुद्दाम घेतला. मी शेजारी बसून कात्री, टेप हातात देत होते. तार सोलली, पिळली. रबराची पट्टी ताणून ताणून गुंडाळली. वर काळी टेप, नळीचं तोंडही तिच्यातच बंद केलं. त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी, इतकी घट्ट की बोटं पांढरी पडली. बिनवासाचं सिलिकॉन बाजूलाच पडलं होतं, त्याला हात लावला नाही.

"असाच मारला होता," ते म्हणाले.

कुठं, हे मला माहीत होतं. तरी विचारलं. "कुठं?"

"एका ठिकाणी."

जॉइंट पाण्यात गेला. दिवा लागला. टाकी चांदण्यासारखी उजळली, आणि मासे दचकून एका कोपऱ्यात गेले. काकू आल्या, दारातच थांबल्या, टाकीच्या तळाशी असलेल्या त्या काळ्या गाठीकडे त्यांनी बघितलं. तो कसला जॉइंट आहे हे त्यांना विचारायची गरज पडली नाही. त्या आत गेल्या आणि त्यांनी चहा ठेवला.

आणि तो टिकला. हजेरी झाली की गुरुजी भिंग घेऊन काचेला नाक लावायचे आणि त्या गाठीकडे बघायचे. एखादा बुडबुडा येतो का, रंग बदलतो का, दिवा मंद होतो का. मग सरळ होऊन म्हणायचे, "आज बी काही न्हाई." दवाखान्यातून रिपोर्ट आला नाही, अशा सुरात. पावसाळा गेला, दिवाळी गेली. दिवा चालूच. मला वाटलं होतं, माणूस हळूहळू मोकळा होईल. ते उलट जास्तच गप्प होत गेले. ग्लासात वस्तू बुडवणं बंद झालं. दुकानात पुडा न वाचताच घेऊन येऊ लागले. दुकानदारानं मला काळजीनं विचारलं, "गुरुजीची तब्येत बराबर हाय ना?"

एकदा मी धीर करून म्हटलं, "गुरुजी, टिकला म्हणजे चांगलंच झालं ना?"

"मॅडम, विज्ञानात तसं नसतं. एकीकडचं उत्तर दुसरीकडं लावायचं तर परिस्थिती सारखी पाहिजे. इथं बारा व्होल्ट, तिथं तीन फेज. इथं दीड फूट पाणी, तिथं किती खोल. इथलं टिकलं म्हणून तिथलं टिकलं असं म्हणता येत न्हाई."

"मग हा प्रयोग कशाला?"

"बसून राहवंना म्हणून," ते म्हणाले.

"मग कापून तरी बघा. आत पाणी गेलंय की नाही ते कळेल."

"चालू हाय तवर काहून कापायचं?"

मला वाटतं मी त्यांना त्या क्षणी विचारायला हवं होतं की तुम्हाला नक्की काय हवं आहे, तो टिकायला की फुटायला. टिकला तर हात निर्दोष ठरतो, फुटला तर निदान ठरतं तरी. पण ज्या माणसानं बुडवलेल्या घड्याळाच्या मरणाचंही स्वागत केलं, त्याला या एका जॉइंटचं उत्तर का नको होतं, की हवंच होतं आणि ते येत नव्हतं म्हणून खंगत होता, हे मला कळलं नाही. विचारलं असतं तरी त्यांना सांगता आलं असतं का, हेही कळत नाही.

त्या हिवाळ्यातच ते गेले.

तेराव्यापर्यंत घर भरलेलं होतं. टेंभुर्णीहून पाहुणे आले. आण्णांना आणता आलं नाही, ते आता फार थकले आहेत, पण फोनवर मोठ्यानं रडले ते मला वरच्या खोलीत ऐकू आलं. समोरच्या खोलीतल्या टाकीतला दिवा चालूच होता. कोणीतरी पाहुण्यानं तो बंद करायला हात पुढं केला तर काकू म्हणाल्या, "राहू द्या." कोणीतरी दबक्या आवाजात शॉकचं विचारलं. ते त्यांच्या कानावर गेलं आणि त्या बैठकीतून उठून आल्या. "शॉकनं न्हाई गेले ते! लिहून देऊ का?"

पाहुणे गेल्यावर एका दुपारी त्यांनी मला खाली बोलावलं. त्या स्वयंपाकघरात विळीसमोर बसल्या होत्या. विळीवर भाजी नव्हती.

"ते काढ," त्या म्हणाल्या. "टाकीतलं. मला बघायचंय."

"काकू, नक्की?"

"काढ, माय."

त्यांनी स्वतः येऊन प्लग उपटला आणि मुठीत धरून उभ्या राहिल्या. मी बाही वर करून हात पाण्यात घातला. मासे दूर पळाले. वायर ओढून मी ती नळी, ती गाठ, सगळं बाहेर काढलं. फरशीवर पाण्याची रेघ उमटवत स्वयंपाकघरात नेलं. काकूंनी प्लग खाली ठेवला, पदर खोचला आणि गाठ विळीच्या पात्यावर धरली. दोडका चिरावा तशी चिरली. ट्यूबची पट्टी चिवट होती, दोन-तीनदा रेटावं लागलं. मग काळी टेप, मग आतलं रबर, आणि मग तांबं चमकलं.

तांब्यावर पाणी होतं. थेंब नाही, पण ओल होती.

"ओलं हाय," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

मीही तेच बघत होते. आणि मग माझं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. हात ओला होता. गाठ बाहेरून ओली होती, विळीचं पातं ओलं होतं, माझ्या कोपरापर्यंत पाणी होतं. चिरताना पात्याबरोबर बाहेरचं पाणी आत गेलं असणार. किंवा गेलं नसेल, आतलंच असेल.

"काकू," मी म्हटलं, "आपण आधी पुसायला पाहिजे होतं."

"म्हंजे?"

"हे पाणी आतलं की बाहेरचं, ते आता सांगता येत नाही."

त्यांनी गाठीचे दोन्ही तुकडे जवळ धरून बघितले. एकाला दुसरा लावून बघितला, जणू पुन्हा बंद करता येईल.

"पुसलं असतं तर कळलं असतं?"

"कदाचित."

"अन् आता?"

"आता नाही."

मला वाटलं रडतील. त्यांनी तुकडे माझ्या हातात दिले, पदरानं हात कोरडे केले, अगदी बोटांच्या बेचक्यांपर्यंत. मग कट्ट्यावरचा फोन घेऊन टेंभुर्णीला लावला. आण्णा फोनवर इतकं मोठ्यानं बोलतात की कानाला लावता येत नाही, म्हणून त्या नेहमी स्पीकरवर टाकतात.

"आण्णा, मी बोलून राह्यले."

"बोल माय. खाल्लं का काही?"

"आण्णा, आज जॉइंट उघडून बघितला. ह्यायनं मारलेला. कोरडा निघाला. बिलकुल कोरडा. त्यायच्या हातून काही झालं न्हवतं."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या भिंतीकडे बघत होत्या. पलीकडून, लांबून, शेळी ओरडल्याचा आवाज आला.

"कंचा जॉइंट, माय?"

"मोटरीचा, आण्णा. बोरच्या."

"त्यात जॉइंटचं काय?" आण्णा म्हणाले. "माझं चुकलं होतं ते. धोंड्याला बोलावलेला जावई मी कामाला लावला."

फोन काकूंच्या दोन्ही हातांत होता. तो त्यांनी थोडा जवळ घेतला.

"काही न्हाई, आण्णा," त्या म्हणाल्या. "जेवले का तुम्ही?"